दुखतो खुबा, चोळला गुडघा

कुंडल, रविवार

तीर्थरूप आक्का व दाजी यांस,

बाळासोचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (मनातल्या मनात. खरोखर वाकायची सध्या सोय नाही, त्याचंच हे पत्र.)

आक्का, तुझ्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल. थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? दाजींचा खोकला कसा आहे? म्हैस व्यायली का? म्हसवडकडं पाण्याचं काय? सगळं सविस्तर कळव. तुला अजून वाचायची बंदी आहे, म्हणजे दाजीच हे मोठ्यानं वाचून दाखवणार. तेव्हा दाजी, कंसातलं तेवढं मनात वाचा. (पहिला कंस वाचून झाला असेल, त्याला आता इलाज नाही.)

परवा फोनवर तू विचारलंस, "बाळ्या, गुडघ्याला काय झालंय रं?" मी "काय न्हाई, बरं हाय" म्हणून फोन ठेवला. आता नीट सांगतो. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. माझ्या अख्ख्या अंगात सध्या तो एकटाच धडधाकट आहे. पण हे कळेपर्यंत सगळ्या गावानं त्याला चोळून घेतलं.

सुरुवात झाली दोन वर्षांपूर्वीच्या ऊसतोडीत. दूध डेअरीसमोर मोटरसायकल थांबवली, तर उजवा पाय मागून फिरून खाली यायला तयार होईना. मग मी गाडीवरच बसून फोन आल्यासारखं बोलत राहिलो. तेवढ्यात शेजारचा कोंडीबा आला. कोंडीबाला जन्मात कधी काही दुखलेलं नाही, त्यामुळं दुसऱ्याच्या दुखण्यासाठी त्याच्याकडं वेळ भरपूर असतो. त्यानं विचारलं, "कुठं दुखतंया?" खरं तर कळ जांघेतून उठत होती आणि मांडीतून गुडघ्यात उतरत होती. पण डेअरीवर बायामाणसं उभी. निवृत्त हवालदारानं त्यांच्यासमोर जांघेत दुखतंय म्हणून सांगायचं कसं? मी गुडघ्यावर हात ठेवला. तिथंच सगळं फसलं.

मग त्या बिचाऱ्या गुडघ्याला पट्टा आला, शेकलेली एरंडाची पानं आली, लोहचुंबकाची चप्पल आली. तू पाठवलेलं तेलही आलं. तेल फार गुणकारी होतं. (दाजी, त्या वासानं आमचं कुत्रं दोन दिवस घरी आलं नाही.) एका गावात पाय ओढून बरं करणारा आहे असं कळलं, तिथं कोंडीबा मला घेऊन गेला. त्या ओढणाऱ्यानं पाय असा ओढला, की पलटणीत असताना ज्या शिव्या दिल्या नाहीत त्या मी तिथं दिल्या. बाहेर बसलेल्यांना वाटलं, माणसाला गुण आला.

शेवटी आमच्या सूनबाईनं, साक्षीनं, पकडलं. मी कॉटवर बसून छत्रीच्या मुठीनं पायात मोजा चढवत होतो. ती दारात उभी राहून बघत होती. "आवं मामा, पायाची नखं कवापासून काढली न्हाईसा?" मी म्हटलं, थंडीत राहू देतो. "आणि उन्हाळ्यात?" दुसऱ्या दिवशी तिनं गाडी काढली आणि मला सांगलीला नेलं. (साईराजनं जोधपूरहून फोनवर हुकूम सोडला होता. मुलगा लष्करात असला की बापाला सेवानिवृत्ती नसते.)

डॉक्टर वयानं साईराजएवढा. त्यानं मला उताणं झोपवलं, गुडघा वाकवला, इकडं-तिकडं फिरवून बघितला. काही नाही. मग सगळा पाय धरून आत वळवला, तशी माझ्या तोंडातून जी आरोळी निघाली ती ऐकून बाहेरचे दोन पेशंट उठून गेले म्हणे. फोटो काढून आणल्यावर तो म्हणाला, "काका, गुडघा छान आहे. खुबा झिजलाय." वाटीत गोळा बसावा तसा तो सांधा असतो, मधली गादी झिजली की हाडावर हाड घासतं, आणि खुब्याचं दुखणं पुष्कळांना गुडघ्यातच जाणवतं, असं त्यानं समजावून सांगितलं. मग विचारलं, "जांघेत दुखतं का?" साक्षी शेजारीच उभी. मी वरच्या पंख्याकडं बघत म्हणालो, "थोडं." त्या एका शब्दानं वर्षभराची सगळी चोळाचोळ वाया गेली.

उपाय त्यानं पायरीपायरीनं सांगितले. आधी वजन उतरवा, व्यायाम करा, काठी घ्या. गोळ्या लागतील तेव्हाच, उगाच खात बसलात तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही तक्रार करतील. त्यानं भागलं नाही तर इंजेक्शन, पण त्याचा आराम काही काळापुरता. आणि शेवटी सांधा बदलायचा. मी म्हणालो, "शेवटचं सोडून सगळं द्या."

काठीनं तर जीव नकोसा केला. दुखतो उजवा खुबा, म्हणून काठी डाव्या हातात धरायची. त्यानं खुब्यावरचा भार कमी होतो. हे डॉक्टरांना पटतं, गावाला पटत नाही. दर कोपऱ्यावर "हवालदार, काठी चुकीच्या हातात हाय." किती जणांना समजावणार? मग मी समोरून येणारा माणूस बघून हात बदलायला लागलो, आणि दोन्हीकडून लंगडायला लागलो. व्यायामाचं म्हणशील तर तुझी भावजय संयोगिता खुर्ची टाकून मोजायला बसते. उताणं झोपून मी कंबर वर उचलायची. निम्म्यात शेजारीण आली की ही तिच्याशी बोलते, आणि नंतर पुन्हा एकपासून सुरू करते. (पलटणीत कवायत घेणाऱ्या आमच्या उस्तादाच्या मनात तरी दया होती.)

इंजेक्शननं मात्र खरंच बरं वाटलं. इतकं, की दिवाळीत काठी घरी ठेवून मळ्यात गेलो आणि कोंडीबाच्या देखत पाटावरून उडी मारली. परत आलो तो उसाच्या ट्रॉलीत आडवा.

तरी मी ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हतो. मग सव्वीस जानेवारी आली. शाळेत झेंडा फडकवायचा मान मला. दोरी ओढली, सॅल्यूट केला, आणि राष्ट्रगीताच्या मध्यावर पायातली शक्तीच गेली. डाव्या हातानं खांब धरला आणि उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी चाललेलं. बाई माइकवर म्हणाल्या, हवालदारसाहेबांचा ऊर भरून आला आहे. टाळ्या पडल्या. ऊर कसला, खुबा होता. पोरं जिलेबीकडं पळाली, माणसं चहाला गेली, आणि मी खांबाशीच. सोडला असता तर पडलो असतो.

संयोगिता मैदान ओलांडून आली. माझा हात काढून स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि सगळ्या गावादेखत मला चालवत नेलं. फाटकाबाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आता बास करा की वं." आक्का, तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

तर येत्या गुरुवारी सांगलीला ऑपरेशन आहे. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात म्हणे. पुढं मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. संडासात खुर्चीची सोय केली आहे. तुम्ही दोघं काळजी करू नका. बर्फात पहारे दिलेला माणूस मी, असल्या गोष्टींना भीत नाही. डोळा सांभाळ. थोरांना नमस्कार.

तुझा,
बाळासो

ता. क. आक्का, जमलं तर गुरुवारी ये. भरतीला निघालो तेव्हा कराडच्या स्टेशनावर तू आली होतीस. गाडी हलल्यावर "जा रं, काय होत न्हाई" म्हणालीस, आणि खरंच काही झालं नाही. मला आत नेतील तेव्हा दारापाशी उभं राहून तेवढंच म्हण. बाकी मी बघतो.

ता. क. दुसरी: दाजी, वरचं वाचून दाखवू नका. तिच्या डोळ्याला प्रवासाची धूळ चालत नाही. मी सहज लिहून गेलो.

ता. क. तिसरी: पाकीट चिकटवायला घेतलं तर संयोगिता म्हणते, तिनं कालच तुम्हाला फोन केला. आक्कानं काळा चष्मा लावून पिशवी भरून ठेवलीय, आणि दाजी एसटीची वेळ विचारायला स्टँडवर गेलेत. म्हणजे हे पोचेल तेव्हा तुमच्या दाराला कुलूप असेल. तरी टाकतोय. परत गेल्यावर वाचा, आणि मी भ्यालो नव्हतो एवढं त्यातलं खरं धरा.