खारभूषणाची बुडीत सेना

रविवार, १४ सप्टेंबर २००३

आज भुईगावला गॅब्रिएलकडे गेलो आणि आयुष्याला दिशा मिळाली. (गेल्या वर्षी मिळाली होती ती बोन्सायची. ते झाड वारलं. पण दोष कुंडीचा होता.)

गॅब्रिएल पूर्वी आमच्याच कारखान्यात फिटर होता, आता बोटीवर असतो. सुट्टीवर आलाय. इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरातून त्यानं बोटाएवढ्या शिपायांची फौज आणलीय. राक्षस, बुटके, तोफा, सगळं स्वतः रंगवलेलं. जुनं दार दोन स्टुलांवर टाकायचं, झालं रणांगण. टेपनं अंतर मोजून शिपाई सरकवायचे, फासे टाकायचे, आकड्यावर कोण मेलं ते ठरतं. आणि प्रत्येक फौजेला स्वतःची थीम लागते, पूर्वकथा लागते.

पूर्वकथा! म्हणजे हा खेळ माझ्यासाठीच निघालाय. स्टोअर्समध्ये नटबोल्ट देता देता माझ्यातला लेखक गंजत चालला होता.

गॅब्रिएलनं सांगाड्यांच्या शिपायांचा एक कोरा, न रंगवलेला बॉक्स मला देऊनच टाकला. अट एकच, दिवाळीआधी एक नीट लढाई. मग तो बोटीवर. म्हणाला, "श्रीपतराव, इतकी वर्षं दोन्ही बाजूंनी मी एकटाच खेळतोय." मी शब्द दिला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

हाफ डे टाकून अर्नाळ्याला गेलो. समोर किल्ला, मागे सुकत घातलेले बोंबील. तिथेच थीम सुचली. समुद्रात बुडालेल्यांची सेना! अमावस्येच्या भरतीबरोबर वर येणारी. राजा: महाराज खारभूषण.

घरी येऊन क्षितिजाला सांगितलं. बायको या नात्यानं तिला अभिमान वाटेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, बोंबील आणलेत का.

रविवार, २१ सप्टेंबर

निश्चय: रोज एक शिपाई रंगवायचा. आजपासून.

आज नाही. आधी इतिहास पक्का हवा, नाहीतर रंग कुठल्या आधारावर देणार? खारभूषणाच्या आजोबांपर्यंत पोचलोय. आजोबांचा स्वभाव तापट. आजीकडची बाजू उद्या.

सोमवार, २९ सप्टेंबर

आजीकडची बाजू अपेक्षेपेक्षा मोठी निघाली.

ऑफिसातल्या बर्नार्डला दोन प्रकरणं वाचून दाखवली. तो भारावून गेला. डोळे मिटूनच ऐकत होता. नंतर हाक मारून उठवावं लागलं.

रविवार, ५ ऑक्टोबर, दसरा

सगळे शिपाई पूजेला मांडले. शस्त्रपूजनच की. क्षितिजाच्या हातून दोघांवर हळद सांडली. रंगकामाचा शुभारंभ झाला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कामाची वाटणी केली. मोठा सेनापती सगळं स्वतः करत नसतो. क्षितिजाकडे उशांच्या अभ्र्यांचे फॅब्रिक पेंट आहेतच, तेव्हा रंगकाम तिच्याकडे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आणि अक्षर बारीक, माझा चष्मा जुना. तेही तिच्याकडे. तिनं वाचून मला थोडक्यात सांगायचं.

रात्री जेवताना सांगायला लागली. मी म्हटलं, आता नको, खारभूषणाचं लग्न चाललंय.

मग तिनं एक विचित्र प्रश्न विचारला. "हे सगळे लढतायत कशासाठी?"

मी म्हटलं, प्रकरण नऊ. प्रकरण नऊ अजून लिहिलेलं नाही. पण बायकांना अशी घाई असते.

शनिवार, १८ ऑक्टोबर

उद्या लढाई. व्यूह तयार. महाराज सर्वांत पुढे, एकटे, तलवार उंचावून. राजा मागे लपला तर आठ प्रकरणांना काय अर्थ राहिला? क्षितिजा म्हणाली, पुस्तकात लिहिलंय, तोफेसमोर असं उभं करू नये. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्यानं खारभूषणाला पाहिलेलं नाही.

गॅब्रिएलबद्दल वाईट वाटतं. सुट्टीच्या शेवटी हरायचं म्हणजे.

रविवार, १९ ऑक्टोबर

सविस्तर लिहीत नाही. डोकं दुखतंय.

थोडक्यात. क्षितिजाला सोबत नेलं. गॅब्रिएलच्या ओटीवर दार मांडलं, गणपतीच्या मखरातल्या थर्माकोलचे डोंगर केले. त्याची आई आग्नेस सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन बसली. आधी मी इतिहास वाचला. आजोबांपर्यंत सगळे शांत होते. आजीकडच्या बाजूला गॅब्रिएल फासे हातात खुळखुळवायला लागला. वाचन तिथे आटोपतं घेतलं.

मग गॅब्रिएलनं पहिली तोफ डागली. पहिलाच फासा. महाराज खारभूषण मेले.

मी विचारलं, जखमी नाही का? गॅब्रिएलनं खूप हळू आवाजात सांगितलं की नाही. तो खरोखर ओशाळला होता. परत टाकू का म्हणाला. मी नको म्हटलं आणि पाणी प्यायला विहिरीवर गेलो. तिथेच जरा बसलो. केळीची बाग छान आहे त्यांची.

परत आलो तर माझ्या जागेवर क्षितिजा! साडीचा पदर खोचलेला, हातात टेप. तिनं उरलेले सांगाडे थर्माकोलच्या आड नेले होते आणि तिथून त्याची एकेक तोफ काबीज करत होती. गॅब्रिएलच्या कपाळावर घाम. मला वाटतं तो इतक्या वर्षांत इतका खूश झाला नसेल. संध्याकाळी बरोबरी झाली. दोघांनी हात मिळवले. म्हणजे बरोबरी माझ्याच फौजेनं केली. पाया मी घातला होता.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. मधेच आग्नेसनं एक सांगाडा उचलून तळहातावर घेतला आणि मला विचारलं, "कोनच्या होडीतले रे हे?"

मी म्हटलं, मावशी, ही काल्पनिक कथा आहे. ती म्हणाली, "ते कळलं. होडी कोनची?"

मी इतिहासाची वही चाळायला लागलो. नंतर गॅब्रिएल म्हणाला की आईचं माहेर अर्नाळ्याचं, तिचा भाऊ बॅप्टिस्ट मासेमारीला गेला तो आलाच नाही. दर्या शांत होता त्या दिवशी.

क्षितिजा तिच्याजवळ जाऊन बसली. मला ऐकू आलं ते एवढंच: "यांना घरी जायचंय हो मावशी. म्हणून लढतायत." आग्नेस म्हणाली, मग बरोबर आहे.

प्रकरण नऊचं काय करावं कळत नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर, पाडवा

गॅब्रिएल फराळाला आला. येताना फौज घेऊन. क्षितिजानं चकलीचा डबा पुढे केला आणि थेट विचारलं, आज तुमचे राक्षस की बुटके? मला दोघांनी पंच केलं. जबाबदारीचं काम. दोनदा निर्णय दिला, दोन्ही वेळा पुस्तकात वेगळं निघालं.

क्षितिजा जिंकली. गॅब्रिएल बुधवारी निघतोय. जाताना म्हणाला, पुढच्या सुट्टीपर्यंत वहिनींनी माझ्या बुटक्यांना सांभाळावं. मी परवानगी दिली. कोणी मागितली नव्हती, पण दिली.

रविवार, २ नोव्हेंबर

आज कॅथलिक लोकांचा मृतांचा दिवस. आग्नेसनं आम्हां दोघांना बोलावलं होतं. कबरस्तानात फुलं, मेणबत्त्या, सगळ्या कबरी धुतलेल्या. बॅप्टिस्टची कबर नाही, सापडलाच नव्हता. मोठ्या क्रुसाजवळ ज्यांचं कोणी सापडलं नाही त्यांच्यासाठी मेणबत्त्या लावतात. तिथे तिनं भावासाठी एक लावली. मग पिशवीतून आणखी एक काढली आणि म्हणाली, ही त्या तुमच्या पोरांची.

मी भारावलो. तिला सांगितलं, महाराजांचं पूर्ण नाव खारभूषण. तिनं मान हलवली. म्हणाली, राजाचं नको, पोरांची नावं सांग.

आठ प्रकरणं. तीन पिढ्या, दोन युद्धं, एक लग्न, आजोबांच्या घोड्याचंसुद्धा नाव. आणि एकाही शिपायाला नाव नाही. मी खिशात रुमाल शोधत राहिलो.

क्षितिजानं सांगितली नावं. रंगवताना एकेकाला ठेवली होती म्हणे. शत्रुघ्न, पास्कल, लंगडा जोएल, कृष्णा. संपूर्ण फौज. आग्नेस प्रत्येक नावाला ओठ हलवत होती.

परतताना रिक्षात मी क्षितिजाला म्हटलं, उद्यापासून प्रत्येक शिपायाचं घराणं लिहायला घेतो. ती म्हणाली, "आधी एक तरी रंगवा हो."

बॉक्सच्या तळाशी एकच कोरा शिपाई उरला होता. घरी आल्याबरोबर बसलो. संध्याकाळ गेली. त्याचे डोळे तिरळे आलेत आणि भाल्याचा रंग हनुवटीवर ओघळलाय. क्षितिजानं बराच वेळ निरखून पाहिला आणि हसू दाबत विचारलं, याचं नाव काय?

श्रीपत.

मागच्या रांगेत उभा केलाय.