समक्ष भरलेले ठोकळे

४ मार्च

दादा उपोषणाला बसला. आमच्याच बांधकाम खात्याच्या फाटकासमोर. मागे खारूचा फोटो. शाळेचं छत कोसळून एकोणीस दिवस झाले. सात मुलं गेली, त्यात दादाची लेक, आमची खारू. नऊ वर्षांची.

मागणी एकच — शाळेच्या त्या नव्या इमारतीची फाईल उघडा आणि सह्या करणाऱ्यांची नावं सगळ्यांसमोर वाचा.

नऊ सह्या आहेत. नववी माझी.

५ मार्च

मागच्या दारानं ऑफिसात गेले. पहारेकरी म्हणाला, "ताई, पुढून या की. तुमचाच भाऊ बसलाय." त्याला काय सांगू?

६ मार्च

कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते. स्लॅब टाकतात तेव्हा त्याच काँक्रीटचे सहा ठोकळे भरायचे. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशिनखाली फोडायचे. किती दाबाला फुटले ते लिहायचं — हे माझं काम. ठोकळे भरताना मी जागेवर हजर पाहिजे. शाळेच्या स्लॅबला मी नव्हते. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या गाडीतून ठोकळे आले आणि मी 'माझ्या समक्ष भरले' यावर सही ठोकली. एवढ्याशाने काय होतंय, म्हटलं.

फुटता फुटेनात ते! मशीन कण्हायला लागलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. सगळं सिमेंट ठोकळ्यांत, आणि पोरांच्या डोक्यावर नुसती वाळू.

साहेबांना विचारलं. "फाईल बाहेर जात नाही, बाई. वरपर्यंत सगळ्यांचे हात ओले झालेत. तुम्ही कशाला घाबरता?"

माझे हात कोरडे आहेत. त्याचा आता काय उपयोग?

७ मार्च

दादाच्या बसडेपोतले ड्रायव्हर ड्युटी संपवून गणवेशातच आले. कॉलेजच्या मुली आल्या. रस्ता भरला. गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी पाणी प्यायला जाताना त्यांचा फलक माझ्या हातात दिला — 'सही करणाऱ्यांनो, झोप लागते का?' त्या तासाभराने आल्या. तोवर धरून उभी होते.

९ मार्च

दादाचे गाल बसलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून तीन-चार दिवस, मग माझ्या हातात काही नाही." वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. "तुझं ऐकतात ते. दोन घास खा म्हण ना."

म्हटलं. तो म्हणाला, "तू आतली आहेस. फाईल कुठे दिसली तर सांग."

"माझ्या टेबलावर नसते रे," म्हणाले.

खोटं! फाईलच्या कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

१० मार्च

जेवले नाही. तो उपाशी म्हणून नव्हे. पर्समधली किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली आणि ताट झाकून टाकलं.

११ मार्च

सह्यांच्या पानाची झेरॉक्स काढली. हे दिलं तर तो जेवेल, जगेल. आणि जन्मात माझं तोंड बघणार नाही. नाही दिलं तर... मला भाऊ हवाय. माझ्याशी बोलला नाही तरी हवाय.

त्या दिवशी मी स्लॅबवर का नव्हते, हे कुणालाच सांगितलेलं नाही. निघतच होते तेवढ्यात दादाचा फोन आला. खारूला शाळेत सणकून ताप भरला होता. "बस भररस्त्यात सोडून कसा येऊ? तू जा." म्हटलं, आज स्लॅब आहे. तर हसला. "स्लॅब काय पळून जातो का?"

गेले. रिक्षाभर ती माझ्या मांडीवर होती, अंग नुसतं भाजत होतं. पुढचे चार दिवस आम्ही दवाखान्यात काढले. ठोकळ्यांचा कागद ऑफिसातून तिथेच आला; तिच्या पलंगाच्या कडेवर ठेवून मी सही केली.

१२ मार्च

कागद दिला.

दादानं वरपासून खालपर्यंत वाचला. माझ्या सहीशी थांबला. मग वर स्लॅबच्या तारखेवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी..."

"घरी जा," म्हणाला.

वहिनीनं विचारलं, काय आहे त्यात? त्यानं कागद खिशात सरकवला. मी घरी आले नाही, कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिले.

१३ मार्च

दादानं बसूनच माइक घेतला. आठ नावं वाचली, एकेका नावाला लोक ओरडले. नववं माझं वाचलं. वहिनीनं मान वर करून मला गर्दीत शोधलं. मग त्यानं कागदाची घडी केली, वहिनीच्या हातात दिली, आणि कागदावर नसलेलं दहावं नाव घेतलं — स्वतःचं.