दाराला बांधलेलं नवं

सर, गेल्या आठवड्यात पनवेलला एका हॉलमध्ये शेतकऱ्यांसाठी सरकारी कार्यशाळा होती. तिथून परत आले ती डोकं तापवूनच. घरच्यांवर राग काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याइतकं हक्काचं माणूस भांडायला मला मिळालेलं नाही.

मंचावरचे साहेब नव्या भाताचं कौतुक करत होते. याच्या जनुकात नुसती दुरुस्ती केलेली आहे, बाहेरचं काही घातलेलं नाही, त्यामुळे जुने कडक नियम याला लागत नाहीत, असं समजावून सांगत होते. चांगलं आहे, त्या भाताशी माझं काही वैर नाही. मी उठून विचारलं, की मग ज्यात परकं जनुक आहे अशा भाताचं काय? साहेब म्हणाले, "त्याचं धोरण ठरतंय, मॅडम. तूर्तास काही सांगता येणार नाही." तूर्तास! मी तुमच्या हाताखाली काम करत असताना आपल्या भाताची चाचणी थांबवणारं पत्र आलं होतं, त्यातही हाच शब्द होता. सरकारचं तूर्तास माणसाच्या आयुष्याहून लांब असतं, हे तुमच्यावरूनच कळलं मला.

परकं म्हणे. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत भात तगावं म्हणून तुम्ही त्यात तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, जनुक घातलं होतं. भाताच्या बांधापलीकडे चिखलात उभं असतं तेच तिवर. आपल्या संशोधन केंद्रात निंदणीला येणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या, "तिवर परका कसा गो? तो त आमचा शेजारी." त्यांच्या शेताचा बांध फुटून भरतीचं पाणी आत शिरलं होतं आणि पीक करपलं होतं. हे भात आमच्या शेतात कधी लावायचं, एवढंच त्या दर आठवड्याला विचारायच्या. तुम्ही म्हणायचात, आधी इथे केंद्रात गोड्या पाण्यावर चाचणी, मग खाऱ्या जमिनीत, मग परवानगी, मग बघू.

तुमची शिस्त आठवली की आजही मी ओढणी झटकते. एकही दाणा बाहेर जाऊ नये म्हणून चाचणीच्या वाफ्यातून निघताना प्रत्येकानं खिसे उलटे करायचे, चपला धुवायच्या. माझ्या ओढणीला एकदा एक लोंबी अडकलेली दिसली, तर तुम्ही सगळ्यांसमोर मला असं झापलंत, की मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आणि मग भात पिकलं. मावशी सकाळी लवकर आल्या, चार लोंब्या खुडल्या, आंब्याची पानं घेतली आणि केंद्राच्या दाराला नवं बांधलं. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या बांधत आले तसंच. नवं भात आलं की पहिला मान दाराचा. नेमके त्याच दिवशी तपासणीवाले आले. वाफ्याबाहेर लोंब्या, म्हणजे नियमभंग. ते मावशींना दरडावू लागले तेव्हा त्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "आमी नवा बांदला, सायेब. चोरी नाय केली." तपासणीच्या साहेबांना नवं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि समजून घ्यायची इच्छाही नव्हती.

चार लोंब्यांपायी चाचणी बंद. आणि तिकडे कापसाचं बिनपरवान्याचं बियाणं पिशव्यांनी विकलं जातं, ते दिसत नाही कोणाला. जनुक बदललेल्या कापसाच्या सरकीचं तेल आपण वर्षानुवर्षं खातोय, त्याचंही कोणाला काही वाटत नाही. नाही म्हणायचं तर छातीठोकपणे नाही म्हणा, मी मान खाली घालून ऐकेन. हो म्हणायचं तर हो म्हणा. पण हे ना धड हो, ना धड नाही, याची मला चीड येते. मावशी वाट बघत राहिल्या. फुटलेला बांध कोणी बांधला नाही. आता त्यांच्या शेतात तिवरं उगवली आहेत, आणि ती तोडायला कायद्यानं बंदी आहे.

राग तुमचाही आहे, सर. वाफा जाळायचा हुकूम आला आणि तुम्ही मुकाट्यानं स्वतःच्या हातानं काडी लावलीत. मावशी कुंपणाबाहेर तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. भातच जळत होतं, वास घरच्या चुलीसारखा येत होता. त्यांना तुम्ही निदान एवढं तरी सांगायचं होतंत, की मावशी, चूक तुमची नाही. त्या अजूनही स्वतःलाच दोष देतात.

हे पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. इतकी वर्षं मी भेटेल त्याला ठणकावून सांगत आले, की आपलं भात खाऱ्या पाण्यात तगलं असतं. गेल्या आठवड्यात त्या हॉलमध्येही सांगितलं, टाळ्या पडल्या. खरं म्हणजे मला माहीत नाही, सर. खाऱ्या पाण्यात आपण ते लावलंच कुठे होतं?