आंबिवलीची रास्ना

मुक्काम ठाणे, कार्तिक वद्य तृतीया, शके १८०६

ती. आवडाआत्यास महिपतचा दंडवत. इकडे सर्व बरे. तुझ्या सुनेचा, कलावतीचा खोकला थांबला, खाडीचा वारा आता बाधत नाही. कचेरीत मला कायम केले, ते कळलेच असेल.

तुझे पत्र पोचले. रास्ना संपली, हौसाबाईचे गुडघे सुजलेत, लावायला पान उरले नाही, असे लिहितेस. त्यावर परवा मी लिहिले होते की यंदा ऊन फार, माकडेही माजलीत, म्हणून कुठे रास्ना टिकली नसेल. ते पत्र फाडून टाकले.

श्रीपाद मास्तर, तुम्ही हे आत्याच्या ओटीवर वाचत असाल. चार माणसे ऐकत असतील तर ऐकू देत. आवाज खाली आणू नका.

देवराईतला आंबा भिवाने तोडला नाही. मी तोडवला.

वैशाखात आमच्या साहेबांना विलायतेला पाठवायला झाडांवर वाढणारी फुले हवी होती. मोठेपणा मिरवायला मीच म्हणालो, माझी आत्या औषध काढते तो देवराईतला आंबा रास्नेने लगडलाय. गाव कल्याणच्या बाजाराला जाते तो दिवसही मीच निवडला. आंब्याखाली मी साहेबांना सांगितले, आदल्या दिवशी बुंध्याशी तांदूळ-सुपारी ठेवून झाडाला विचारतात, मग निम्मीच काढतात. साहेब हसले. आत्या, मीही हसलो. हात जोडून तुझी नक्कलसुद्धा केली. तेच मला झाडापेक्षा जास्त सलते.

शेंड्यावर चढायला साहेबांच्या माणसांपैकी कोणी धजेना, म्हणून आंबाच आडवा केला. दोन पाट्या भरून नेल्या. बाकीची रास्ना तिथेच उन्हात पडली.

भिवाच्या हातात ती सापडली, कारण सुकायच्या आत तो ती उचलून शेजारच्या जांभळाला बांधत होता. कातकऱ्याच्या हातात कोयता दिसला, एवढे सर्वांना पुरले. त्याने बांधलेलेही लोकांनी ओरबाडून टाकले. तू मला विचारलेस, "त्याचंच काम ना रे?" मी मान हलवली. तो समोर उभा होता. त्याने मला साहेबांबरोबर पाहिले होते, तरी काही बोलला नाही. त्याचे कोणी ऐकले असते? तेव्हापासून त्याला देवराई बंद, आणि त्याच्या हातचा मध कोणी घेत नाही.

मी रविवारी येतो. दारात घेतले नाहीस तरी चालेल, पण त्याला आजच घे.

मास्तर, भिवा तिथे नसेल तर त्याला बोलावून आणा, आणि हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचा.

तुझे लेकरू म्हणवायला तोंड नसलेला,
महिपत