दोरीच्या या टोकाला

४ मार्च
पडलो. दोघी. चूक माझी.
दोघींची मिळून एक सायकल. हँडल माझ्याकडे, मागच्या सीटवर ताई. पुढचीने सांगायचं, मागचीने ऐकायचं, कारण ताईला दिसत नाही. मी सांगत होतेच, पण काय? तर एका गच्चीवर एक गृहस्थ डोक्यावर छत्री धरून कुत्र्याला अंघोळ घालत होते, ते. ताई खिदळत होती. खड्डा सांगायचा राहिला.
तिचं कोपर सोललं. मला खरचटलंसुद्धा नाही, तेच जास्त लागलं.
"कुत्रा भिजला की माणूस?" उठता उठता ताई.

५ मार्च
शिट्टीने हजेरी घेतली. शिट्टी म्हणजे आमचे कोच. गळ्यातली शिट्टी झोपतानाही काढत नसावेत.
"तू तिचे डोळे आहेस की रेडिओ? डावं, उजवं, खड्डा, पाणी. एवढंच बोलायचं. वर एक शब्द काढलास तर दुसरी मुलगी बघतो."
"दुसरी नको, सर," ताई म्हणाली. मग मला, "तूही जरा नीट वाग गं."
चार वर्षं खपतेय ती या शर्यतीसाठी. पहाटे पोहणं, दिवसभर दवाखान्यात फोन घेणं, संध्याकाळी पळणं. शर्यत कसली, शिक्षाच — एकाच दिवसात समुद्रात पोहा, मग सायकल, मग अख्खी मॅरेथॉन, आणि रात्री बाराच्या ठोक्याआधी शेवटची रेघ ओलांडा. सोबतीण मध्येच बदलता येत नाही. मी बसले तर तीही बाद.
आणि मी कोण? शाळा अर्धी, नोकऱ्या ढीगभर, एकही धड नाही. मनात आलं की पिशवी उचलून चालू पडणारी. या खेपेला परत आले तेव्हा कुठे होतीस म्हणून तिने विचारलं नाही. विचारलं, "पोहता येतं ना अजून?"

१९ मार्च
चार शब्दांवर आहे. उपासच म्हणायचा. आज एका पाण्याच्या टाकीला कुणीतरी झुबकेदार मिशा रंगवलेल्या दिसल्या. गिळल्या.

२ एप्रिल
शिट्टी खूश.
जेवताना ताई म्हणाली, "आज रस्त्यात काही नव्हतंच का गं?"
"नव्हतं," म्हटलं.

२३ एप्रिल
उद्या शर्यत. देवा, उद्याचा दिवस माझं तोंड बंद ठेव.

२५ एप्रिल
लिहवत नाही, पण लिहिते.
पाण्यात दोघींच्या मांड्यांना दोरी बांधलेली — एकदाही ताणली गेली नाही. सायकलवर एक खड्डा लागू दिला नाही. पळताना दोरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. अंधार पडला तोवर निम्मं पळून झालं होतं आणि वेळ भरपूर होता. माझ्या टाचांचे फोड फुटलेले. दात आवळून डावं, उजवं, पाणी. मग तेही थांबलं, रस्ता सरळच होता.
ताईने विचारलं, "बरी आहेस?"
"हो."
थोड्या वेळाने पुन्हा, "खरंच?"
"हो गं. पुढे बघ." — कुणाला सांगतेय, पुढे बघ!
मग दोरी मागे ओढली गेली. ताई चालायला लागली, मग उभीच राहिली. "बस. पाय गेले माझे."
मी 'चल' म्हणायला हवं होतं. ओढायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या. पण खरं सांगायचं तर आतून सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, "बरं." चार वर्षं तिची, आणि माझं एक 'बरं'.
गाडीतून आणलं आम्हाला. ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर लोक अजून पळत होते, एक आजोबा स्वतःलाच टाळ्या वाजवत. तिला सांगावंसं वाटलं. कोणत्या तोंडाने सांगणार?

२८ एप्रिल
ताई जिना धडधडत उतरून कामावर गेली. तिचे पाय बरे झाले, माझे अजून नाहीत.
शिट्टी म्हणतात, दोष कुणाचाच नसतो. म्हणजे माझाच. एखादी धड सोबतीण असती तर तिला पोचवलं असतं. पण मी इथे असेपर्यंत ताई दुसरीला घेणार नाही, हट्टी आहे. म्हणजे मीच गेलेलं बरं. माझं सगळं पिशवीत मावतं.

२९ एप्रिल
ताई शिट्टीशी फोनवर बोलत होती. मी बाहेर पडले असं वाटलं असेल तिला.
"पायांना काय धाड भरली होती, सर? आणखी तेवढंच पळले असते. धाकटी गप्प झाली होती हो. घर सोडायच्या आधी ती अशीच होते, महिना महिना. म्हटलं, रेघ ओलांडली की ही तिथूनच चालू पडेल. शर्यत अपुरी राहिली तर पुढच्या वर्षापर्यंत तरी थांबेल ना."
जिन्यात बसून लिहितेय. वही पिशवीवर ठेवलीय.