कूलरसमोरची रासबेरी

प्रिय बाबाराव,

तुम्हाला आणि भिवापूरच्या सगळ्या मंडळींना माझा नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फार मनावर घेऊ नका. तुमच्या ताईबद्दल आनंदाची बातमी अशी की, धंतोलीच्या डॉक्टरांनी मागल्या आठवड्यात तिचं सगळं पथ्य काढलं. तेल, तिखट, जे मागतील ते द्या म्हणाले. मी ही बातमी कॉलनीभर सांगत सुटलो. (ऐकणारे एकदम गप्प का होतात, ते माझ्या जरा उशिरानेच लक्षात आलं.)

तर ते रासबेरीचं झाड. आजारापूर्वी रोहितकडे परदेशात गेलो होतो, तेव्हा तुमच्या ताईने मुलाच्या कुंपणावरच्या रासबेरी तोडून तोडून खाल्ल्या होत्या. पुढे औषधांनी तोंडाची चव गेली, वरण आणि पाणी तिला सारखंच लागू लागलं, तेव्हा एकदा म्हणाली, ती लाल फळं असती तर कदाचित कळली असती. बाजारात बर्फात गोठवलेल्या मिळतात, त्या आणल्या. तिने एक चोखली आणि वाटी बाजूला सारली. मग मी रोपच मागवलं. तुम्ही फोनवर हसलात. "भाऊजी, नागपुरात हे जगलं तं मी मिरची लावनं सोडून देईन," म्हणालात. झाड जगवायचंच, हे मी तेव्हा ठरवलं. (थोडं तिच्यासाठी, बरंचसं तुमची जिरवायला.)

या झाडाला म्हणे थंडी लागते. आपली थंडी त्याच्या खिजगणतीत नव्हती, म्हणून सगळा हिवाळा फ्रिजमधला बर्फ कुंडीत गेला. उन्हाळा लागला तशी पानं पापडासारखी वाजायला लागली, तेव्हा मी कुंडी उचलून तिच्या खोलीत आणली आणि कूलरसमोर स्टुलावर ठेवली. एकाच कूलरवर दोन रोगी. "माह्यावरची हवा त्याच्याकडे काहून वळवली?" असं तिने विचारलं, तरी अर्धी हवा मी झाडाकडेच ठेवली. शेजारचे कृष्णकांत रोज तब्येत विचारायला येत आणि दारातूनच म्हणत, आज कसं काय? मी म्हणे, दोन नवी पानं आली. ते बिचारे मान हलवून पलंगाकडे बघत, तिथे मात्र नवं काही नसे. चिडचिड व्हायची माझी. झाडावर ओरडता येतं म्हणून झाडावर ओरडायचो.

आणि फळ धरलं, बाबाराव. एकच, बोटाच्या पेरापेक्षा लहान. ते लाल होईपर्यंत मी खोलीत कुणाला जोरात शिंकू दिलं नाही. परवा तोडलं, तिच्या तोंडाशी नेलं, तर बाईसाहेबांनी तोंड मिटून घेतलं. "पयलं फळ देवाले," म्हणाली. देवापुढे ठेवलं. मग प्रसाद एकट्याने खायचा नसतो म्हणून तिने कृष्णकांत आणि त्यांच्या बायकोला बोलावलं आणि त्या एवढ्याशा फळाचे चार वाटे करवले. सुरीलाच अर्धं लागलं. आपला वाटा तिने जिभेवर बराच वेळ ठेवला, आणि मला विचारलं, "कसं लागते वो?"

मी म्हटलं, अगदी रोहितच्या कुंपणावरच्यासारखं. खरं सांगतो, ओल्या कापसात बी ठेवावी तसं लागत होतं. तिने मान डोलावली. "मले तं काहीच नाही समजलं," म्हणाली, आणि हात लांब करून कूलरची जाळी स्वतःच पुरती झाडाकडे वळवली.

थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा भाऊजी,
मधुकर

ता. क. पैज तुम्ही हरलात. मिरची सोडायची ती सोडा, पण त्याआधी तुमच्या शेतातल्या लाल मिरचीचा ठेचा करून आणा. पार्सल चालणार नाही. काल ती म्हणाली, "बाबारावचा ठेचा असता तं जीभ भाजली असती, तेवढं तरी समजलं असतं." आता मनाई कशालाच नाही.

पुन्हा ता. क. पथ्य का काढलं, ते तुम्हाला समजावून सांगायला नको. फोनवर मला ते बोलता येईना, म्हणून एवढं झाडपुराण लिहिलं. पत्र मिळताच निघा. आणि येताना गाडी मोठी आणा, जाताना ही कुंडी भिवापूरला घेऊन जा. झाडाला आता गच्च कळ्या आल्या आहेत. ती फळं पिकतील तेव्हा मला ते घरात नको.