निरोगी रक्त

४ फेब्रुवारी
नोकरी सुरू झाली. प्रयोगशाळा मोठी, भरपूर उजेडाची. टेबलं लखलखीत, माणसं हसतमुख. धाकटा भाऊ गेल्यापासून आज पहिल्यांदा बरं वाटलं.

टेपवर्म या जंताची अंडी पोटात गेली की अळ्या मेंदूत घर करतात. हा आजार रक्तावरून ओळखायच्या दोन चाचण्या आम्ही ताडून पाहणार. आजार असला तर जुनीत प्लेटच्या खळग्यांत पिवळा रंग येतो, नवीत पट्टीवर रेघा उमटतात. इथल्याच जुन्या चाचणीने धाकट्याला निरोगी ठरवलं होतं, आणि तो याच आजाराने गेला. म्हणून तर ही जागा मागून घेतली.

५ फेब्रुवारी
इथली रीत अशी, की नव्या माणसाने रक्त द्यायचं. ते प्रत्येक प्लेटमध्ये 'निरोगी' म्हणून लावतात. त्याहून गडद रंग आला तरच पेशंट आजारी. रक्त काढताना सीनियर दादांनी विचारलं, ताई, डोकंबिकं दुखतं का कधी? म्हटलं, फार बोलायला लावलं तर दुखतं. सगळे हसले. आता मी निरोगीताई.

११ फेब्रुवारी
माझ्या पट्टीवर रेघा आल्या. ठसठशीत. पुन्हा लावली, पुन्हा आल्या. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, अगं, तू तर निरोगी, म्हणजे पट्टीच चुकतेय. नव्या चाचणीच्या नावावर एक चूक टाकून मोकळ्या झाल्या. राग गिळला. डोकं ठणकतंय.

१४ फेब्रुवारी
जुन्या चाचणीच्या प्लेटमध्ये माझाच खळगा पिवळाजर्द. बाकीचे माझ्याहून फिके, म्हणून निरोगी. माझ्या रक्तामुळे आजारी माणसं घरी परत चालली आहेत.

दादांना विचारलं, माझ्याआधी निरोगी कोण होतं. म्हणाले, होता एक हसरा पोरगा, फिट येऊन गेला बिचारा. पण रक्त भरपूर काढून ठेवलं होतं, ताई, गेल्या महिन्यापर्यंत पुरलं.

धाकट्याचा रिपोर्ट त्याच रक्तावरचा.

१६ फेब्रुवारी
बाईंच्या टेबलावर हात आपटला. जन्मात पहिल्यांदा ओरडले — फिटने मेलेल्याच्या रक्ताशी ताडून माझ्या भावाला निरोगी ठरवलंत! बाई शांत. म्हणाल्या, दुःखात आहेस, घरी जा. नाही आलीस तरी चालेल, तुझं रक्त आहे फ्रीजमध्ये.

हाताला मुंग्या —

१७ फेब्रुवारी
आलेच. बाहेर बाकावर एक आई. हातात रिपोर्ट, निरोगी. हसतेय. शेजारी लेक — तिच्या ओठाचा कोपरा उडतोय, धाकट्याचा उडायचा तसा —

सांगायला गेले. जीभ वळेना. उजवा हात गेला. डाव्याने लिहितेय. हेच पान त्या आईला —

जाऊ नका. रिपोर्ट खोटा. लेकीला दुसरीकडे न्या. पट्टीची चाचणी करा. माझ्या रक्ताशी नको — मा